मागितलं तरच थांबणारी गाडी

शाळेत मुलं माझ्याबद्दल म्हणायची, "बाई वर्गात येत नाहीत, घुसतात." खोटं नव्हतं. मी पहिल्यापासून भरभर चालणारी. देवळात गेले की घंटा वाजवून बाहेर, लग्नाला गेले की अक्षता टाकून पहिल्या पंगतीला. आणि हे, म्हणजे माझे यजमान, कायम मागे. सप्तपदी सोडली तर आम्ही दोघं बरोबरीनं चाललोय असं काही मला आठवत नाही, आणि सप्तपदीतही माझे पाय शालूत अडकत होते म्हणून.

हे एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. सगळं आयुष्य रेघा मारण्यात गेलेलं. रेघेला घाई केलेली चालत नाही, असं म्हणायचे. गिरगावातल्या एका खोलीतून आम्ही भाईंदरला, नवघरला राहायला आलो तेव्हा आमच्या गॅलरीतून मिठागरं दिसायची. मग समोर एक इमारत उठली, तिच्या पुढ्यात दुसरी, आणि प्रत्येक इमारत उठताना हे रस्त्यात मान वर करून उभे. हातात दुधाची पिशवी, डोक्यावर ऊन, आणि ह्यांचं आपलं चाललंय, कॉलम सरळ आहे की नाही. मी पुढच्या नाक्यावरून ओरडायची, "अहो, येताय ना?"

"बरं," हे म्हणायचे.

ह्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, बरं. मी चिडले तरी बरं, आमटी खारट झाली तरी बरं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? पण तीस वर्षांत एकदाही "अगं, थांब जरा" असं काही ह्यांच्या तोंडून निघालं नाही. आणि म्हटलं नाही म्हणून मी थांबले नाही. मूलबाळ आम्हाला झालं नाही. त्यामुळे घरात दोनच माणसं, एक पुढे आणि एक मागे.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. ह्यांच्या हातची रेघ हलायला लागली. आधी ह्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. मग ऑफिसातल्यांनी बघितलं, मग मी बघितलं. चहाचा कप बशीत वाजायचा. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. हात हलतो त्याचं फार नाही, पुढे पाय जड होतील. आणि झालंही तसंच. घरात चालता चालता दाराच्या चौकटीत आले की ह्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे झुकतंय आणि पाऊल काही उचलत नाही. एकदा चौकटीवरून पलीकडे पडलं की पुन्हा नीट चालणार. मला आधी वाटलं, मुद्दाम करतायत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! आता ह्यांना उशीर करायला कारणही मिळालं, असं मी शेजारणीला बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, "आज पाय आहेत. वर्ष, दोन वर्षं चांगली जातील. जे काही करायचं मनात असेल ते पुढे ढकलू नका."

त्याच आठवड्यात हे स्टेशन रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायला लागले. मला वाटलं औषधांची माहिती काढतायत. चौथ्या दिवशी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आले. वर हिरव्या डोंगरावरून जाणाऱ्या लाल गाडीचं रंगीत चित्र. कॅफेवाल्या पोरानं, "अंकल, कलर में निकालूँ?" असं विचारलं आणि ह्यांनी हो म्हटलं. काटकसरीत जन्म काढलेल्या माणसानं कलर प्रिंट काढली. तिथंच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण साधं नाही.

स्वित्झर्लंड. आमच्या इमारतीतले दोघंतिघं जाऊन आले होते, पण ते ग्रुपबरोबर. सारख्या टोप्या, पुढे झेंडा, संध्याकाळी वरण-भात. ह्यांच्या कागदांत झेंडा नव्हता, गाइड नव्हता, माणसंही नव्हती. डोंगरातल्या एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचं, दमलात तर मध्येच ट्रेन धरायची. तुमची बॅग ते लोक पुढच्या गावी नेऊन ठेवणार. आपल्या पायांनी, आपल्या वेळेत. 'आपल्या वेळेत' याच्याखाली ह्यांनी पट्टीनं रेघ मारली होती. पट्टी धरूनसुद्धा ती वाकडी आली होती.

"एवढा पैसा घालून काय करायचं म्हणे? चालायचं!" मी कपाळावर हात मारला. "चालायला आपलं उत्तन काय वाईट आहे?"

"बरं," हे म्हणाले. "मग आधी उत्तनला चालू."

आणि मग हे जे बोलले ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय, कारण एवढं लांबलचक वाक्य ह्यांनी आमच्या संसारात दुसरं बोललेलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी ह्यांना डोंगर चढणाऱ्या गाडीच्या दातेरी चाकाचं एक ड्रॉइंग ट्रेस करायला दिलं होतं. तेव्हापासून ते डोंगर मनात होते. "मला एकदा एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचंय. पूर्ण. कोणी माझा दंड न धरता. मग पाय गेले तर गेले."

मी आत जाऊन कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत रडले. बाहेर येऊन म्हटलं, "स्वेटर घ्यावे लागतील."

त्यानंतर तीन महिने दर रविवारी सकाळी आम्ही भाईंदर पश्चिमेहून बस पकडून समुद्रकाठच्या उत्तनला जायचो आणि तिथून पलीकडच्या पाली गावच्या कोळीवाड्यापर्यंत चालायचो. पालीच्या गल्ल्या एवढ्याशा, त्यात समोरून मोटरसायकल. दोन्हीकडे घरं, दारात जाळी पसरलेली, बोंबलांचा वास. गल्ली अरुंद झाली की ह्यांचे पाय चिकटलेच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती. पाय अडला की समोर काहीतरी आडवं ठेवायचं. सपाट जमिनीवर जो पाय हलत नाही, तो आडवी वस्तू ओलांडायला मात्र उचलतो. मी छत्री आडवी ठेवायची. हे टुणकन छत्री ओलांडायचे आणि पुढे निघायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. रोग तरी काय एकेक!

पण छत्री ठेवून झाली की मी आपली पुढे. सवय. तिथं एका घराच्या ओट्यावर एक बाई मासळी साफ करत बसलेली असायची. दर रविवारी आम्हाला बघून ओळखीची झाली होती. एकदा म्हणाली, "बाय, नवरा मागं ऱ्हायला हाय तुझा."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ते मागेच असतात."

"मंग थांब की. धावून काय भेटनार हाय?"

मला असा राग आला! मला शिकवणारी ही कोण? माझा नवरा, माझा रविवार. बसमध्ये बसेपर्यंत मी धुसफुसत होते. ह्यांनी त्या दिवशी घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं. तिकडच्या डोंगरात म्हणे पिवळ्या पाट्या असतात. त्यांच्यावर पुढच्या गावाचं अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात. अमुक गाव, पन्नास मिनिटं. ती वेळ धडधाकट माणसाची. आपली आपण काढायची. "इतरांना पंधरा मिनिटं लागतात तिथं मला चाळीस," हे समाधानानं म्हणाले. "आपली पाटी चाळीसची."

जूनमध्ये गेलो. शेजारच्या गुजराती भाभींनी थेपल्यांचा डबा दिला, "ले जाओ, आठ दिन कुछ नहीं होगा." ह्यांनी आमच्या जुन्या सुटकेसवर पांढऱ्या ऑइल पेंटनं नाव आणि खाली 'भाईंदर (पू.)' असं रंगवलं. मराठीत. मी म्हटलं, "अहो, तिथं कोण वाचणार आहे हे?" म्हणाले, "आपण."

पहिल्या गावातल्या हॉटेलच्या मालकिणीनं सकाळी बॅग दारात ठेवायला सांगितली. मी पावती मागितली. तिला कळेना. मी हातावर बोटानं लिहून दाखवलं, शिक्का मारून दाखवला. ती हसून आत गेली आणि मला एक सफरचंद आणून दिलं. पावतीऐवजी सफरचंद घेऊन मी निघाले, आणि दिवसभर माझा जीव त्या सुटकेसमध्ये. संध्याकाळी पुढच्या गावी पोचलो तर 'भाईंदर (पू.)' आमच्या आधी येऊन जिन्याखाली उभी.

तेव्हा बॅग पोचत होती. हे पोचत नव्हते. आमच्या वाट्याला तीन दिवसांचं चालणं होतं, तीन टप्पे. पहिल्या दिवशी विसाव्या मिनिटाला चढावर ह्यांचा श्वास लागला, मागे फिरून स्टेशनवर आलो आणि गाडीनं गेलो. दुसऱ्या दिवशी पाऊस. अर्ध्या वाटेवर हे घसरले, काही लागलं नाही, पण पाय जे घाबरले ते घाबरलेच. पुन्हा गाडी. गाडी छान होती, खिडक्या मोठ्या, बाहेर डोंगर. ह्यांनी बाहेर बघितलं नाही. मांडीवर हात ठेवून हात बघत बसले. राहिला तिसरा दिवस. चौथ्या दिवशी परतीचा प्रवास. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. वाट सुरुवातीला सपाट, कडेनं गवत कापून ठेवलेलं. आम्ही सकाळी नऊला निघालो. गायी बाहेर पडू नयेत म्हणून तिथं वाटेवर लाकडी फाटकं असतात, ढकलून आत जायचं आणि पुन्हा लावायचं. पहिल्याच फाटकात ह्यांचे पाय चिकटले. आमच्या घरातली चौकट तिथं डोंगरात येऊन उभी राहिली. मी छत्री ठेवली. नाही. एक-दोन-तीन म्हटलं. नाही. मी फाटक धरून उभी, हे दोन खांबांच्या मध्ये थरथरत उभे. मागून एक म्हातारं जोडपं आलं, दोघांच्या हातात काठ्या, ऐंशीच्या पुढची असतील. ती दोघं अदबीनं थांबली. आम्ही काही हलेना, तेव्हा बाजूच्या तारेखालून वाकून पलीकडे गेली, आमच्याकडे बघून काहीतरी गोड बोलली, आणि टक टक करत निघून गेली.

मला लाज वाटली. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा ह्यांची वाटली होती आणि आता माझी वाटते. पुढचे दोन तास माझं डोकं तापत गेलं. ज्या वाटेला पाटीवर पस्तीस मिनिटं, तिला आम्हाला दोन तास. मध्यावर चार घरं आणि रेल्वेचा एक छोटासा थांबा लागला. पिवळी पाटी होती, पुढचं गाव एक तास दहा मिनिटं. हे पाटीकडे बघत उभे राहिले आणि मनातल्या मनात हिशेब करायला लागले. तिथं माझा तोल गेला.

"पुरे झालं," मी म्हटलं. "एक तास दहाचे किती करणार तुम्ही? चार? पाच? तीस वर्षं मागे वळून वळून माझी मान दुखायला लागलीय. तुमच्यापायी मला कधी कुठं सरळ म्हणून पोचता आलं नाही. गाडीनं जाऊ. झालं तुमचं चालणं."

ह्यांनी पाटीवरची नजर काढली. मग म्हणाले, "बरं."

एवढ्यासाठी हा माणूस समुद्रापलीकडे आला होता, आणि ते मी दोन वाक्यांत मोडून टाकलं. मला तेव्हाही कळत होतं. पण एकदा तोंड सुटलं की मला आवरता येत नाही.

थांबा म्हणजे काय, एक लाकडी आडोसा, एक बाक आणि भिंतीवर वेळापत्रक. ह्यांनी ते वाचलं. बोट फिरवत बराच वेळ वाचलं. रेल्वेचं वेळापत्रक हा ह्यांचा आवडता विषय. "बारा मिनिटांनी आहे," म्हणाले, आणि आत जाऊन बाकाच्या कोपऱ्यात टेकले. मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले.

वेळेवर गाडी आली. लाल, दोन डब्यांची, वळणावरून शिट्टी देत. मी उठून पुढे झाले. गाडीचा वेग काही कमी होईना. मला वाटलं ड्रायव्हरला दिसलं नसेल, म्हणून मी हात दाखवला. आपण एसटीला दाखवतो तसा, छत्रीसकट. ड्रायव्हरनंही आतून हात हलवला. छान हसला. आणि गाडी माझ्या नाकासमोरून निघून गेली.

"अरे मेल्या, थांब की!" मी त्या डोंगरात मराठीत ओरडले.

"गेली," हे आतून म्हणाले.

"गेली काय? थांबली कशी नाही? स्टेशन आहे ना हे?" आपल्याकडे स्लो गाडी म्हटली की स्टेशन आलं की थांबणार, फलाटावर माणूस असो नाहीतर कुत्रं असो. तिला विनवणी करावी लागते हे भाईंदरच्या माणसाच्या स्वप्नात तरी येईल का? तेव्हा कुठे माझं लक्ष आडोशाच्या भिंतीकडे गेलं. ह्यांच्या डोक्याच्या अगदी वर एक छोटी पेटी होती, तिच्यावर बटण, आणि बटण दाबणाऱ्या बोटाचं चित्र.

"हे दाबायचं होतं वाटतं," मी म्हटलं.

"असेल," हे म्हणाले.

पुढची गाडी दोन तासांनी. वारा सुटला होता. मी बाकावर मटकन बसले, आणि हे उठले. छत्री माझ्या हातात दिली. "चालूया?" म्हणाले.

बटण न दाबण्याची चूक माझी होती असंच मी धरून चालले होते, कारण गाडीनं जाऊ म्हणणारी मी. हे आधीच निघाले होते. पायवाट एका माणसापुरतीच. पुढे जायला जागाच नव्हती, म्हणून मी मागून चालायला लागले.

आणि मला ह्यांची पाठ दिसली. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना पाठमोरं चालताना बघितलंच नव्हतं हो! मानेवर डाव्या बाजूला एक तीळ आहे. शर्टाची कॉलर मागून विरलेली, तिच्यावर ह्यांनी स्वतःच बारीक टाके घातलेले. कधी घातले? मला कधी म्हणाले नाहीत. उजवा खांदा खाली आलेला होता आणि तो हात अंगाशी धरून चालत होते. एक एक पाऊल टाकताना मान किंचित हलायची. मला एवढं वाईट वाटलं की मी तोंडावर पदर धरला. तिथं स्वेटरवर पदर कसा सापडला कोण जाणे.

त्या वाटेवर पावसाचं पाणी वळवायला जागोजागी ओंडके आडवे टाकलेले होते. ते ह्यांना फार मानवले. ओंडका आला की पाय उचलला. आला की उचलला. छत्रीची गरजच लागेना. मला एकदम हायसं वाटलं. मध्ये एका घळीशी मात्र ओंडके संपले, आणि पाणी वाहत होतं तिथं हे थांबले ते थांबलेच. मी छत्री ठेवली, ती ओली होऊन वाहून जायला लागली, मी धावत जाऊन पकडली. हे तसेच. माझा हात ह्यांच्या दंडाकडे गेला. एक बोटभर अंतर उरलं होतं. धरला असता तर पाऊल पडलं असतं. पण दंड न धरता, असं ह्यांनी म्हटलं होतं. मी हात मागे घेतला.

मग मला काय सुचलं माहीत नाही, मी बाजूच्या गवतात सरळ बसून घेतलं. पाय पसरून. डब्यातला थेपला काढला आणि खायला लागले. "सावकाश," मी म्हटलं. "मला काही कुठं जायचं नाहीये."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. हे वळून बघत राहिले. गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. माझा अर्धा थेपला खाऊन झाला असेल, तेवढ्यात ह्यांचं पाऊल सुटलं. पाण्यापलीकडे पडलं. मी थेपला तोंडात कोंबून मागे निघाले.

पाटीवर एक तास दहा होते. आमचे चार तास वीस झाले. गावाच्या पहिल्या घराशी हे थांबले, घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं. हॉटेलात शिरलो तर जिन्याशी 'भाईंदर (पू.)' उभी. हे त्या सुटकेसवरच बसले, तिच्यावरून हात फिरवला, म्हणाले, "झालं." आणि लहान मुलासारखे रडले. मी ह्यांना रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. मी शेजारी जमिनीवर बसले आणि मीही रडले. लोक येत-जात होते. आम्हाला कुठं त्यांची लाज!

नंतर मी म्हटलं, "वाटेत बोलले ते मनात ठेवू नका."

"बरं," हे म्हणाले.

घरी आल्यावर दीड वर्ष बरं गेलं. मी हॉलपासून न्हाणीघरापर्यंत लाद्यांवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, ओंडक्यांसारख्या. त्यांच्यावरून हे चालायचे. मग रेघाही पुरेनाशा झाल्या. मग काठी, मग खुर्ची, मग पलंग. आवाजही खोल गेला. स्वयंपाकघरात कुकर चालू असला की हाक ऐकू यायची नाही, म्हणून मी स्टेशन रोडवरून बिनवायरची बेल आणली. ह्यांच्या उशाशी भिंतीवर बटण लावलं, बेल ओट्यावर ठेवली. दाबलं की पाखरासारखी चिवचिवायची.

"काही लागलं की दाबायचं," मी वर्गातल्या मुलांना सांगायची तसं सांगितलं. "पाणी, कूस बदलायची, काहीही."

हे त्या बटणाकडे बघत हसायला लागले. तेव्हा ह्यांचा चेहरा फारसा हलायचा नाही, पण डोळे हसले. मी कान तोंडाशी नेला.

"तिथं," हे म्हणाले, "मला माहीत होतं. वेळापत्रकात खूण होती. बटण दाबल्याशिवाय थांबत नाही म्हणून."

"म्हणजे? माहीत असून दाबलं नाहीत?"

"दाबलं असतं तर थांबली असती." थोडा वेळ श्वास घेतला. "मग तू चढली असतीस."

मी तिथंच पलंगावर बसले. हसावं की दोन ठेवून द्याव्यात हे कळेना. मी त्या ड्रायव्हरला इतकी वर्षं शिव्या घालत होते! शांतपणे बाकावर बसून ह्या माणसानं गाडी सोडून दिली होती, माझ्याशी एक शब्द न बोलता. चालायचंय, असं मला म्हणणं ह्यांना त्याहून अवघड होतं.

त्या रात्री मला ते फार लागलं. गाडीचं ठीक आहे, तिला मागितल्याशिवाय थांबता येत नाही. पण मी काही गाडी नव्हते. आडोशात कोणी बसलंय का, हे मला डोकावून बघता आलं असतं. तीस वर्षं रोज.

बेल आणली खरी, पण हे ती वाजवायचेच नाहीत. घसा कोरडा पडून ओठ फुटायचे, मी चिडायची, "अहो, दाबायचं ना! कशासाठी लावलंय?" तर म्हणायचे, "तू कामात होतीस." महिने गेले. ओट्यावर बेलवर धूळ बसायची, मी पुसायची.

एका सकाळी मी बाजारात निघाले होते. खालच्या मजल्यावरच्या बाई ह्यांच्याजवळ येऊन बसणार होत्या, त्यांची चाहूल जिन्यात लागलीच होती. हातात पिशवी, एका पायात चप्पल सरकवलेली. आणि ओट्यावर पाखरू चिवचिवलं.

मी तशीच आत धावले. "काय झालं? पाणी? कूस बदलू?"

ह्यांनी मान हलवली. नाही.

"दुखतंय का कुठं?"

नाही.

"मग काय हवंय?"

मी कान तोंडाशी नेला.

"काही नाही," हे म्हणाले. "थांब."

मी खालच्या बाईंना दारातूनच परत पाठवलं. पिशवी खुंटीला लावली आणि पलंगाशी स्टूल ओढून बसले. ह्यांचा हात हातात घेतला, तो हलत होता, तसाच हलू दिला. एका पायात चप्पल तशीच राहिली होती. दुपार होईपर्यंत मी उठले नाही.

त्यानंतर अकरा दिवस हे होते. रोज बटण दाबलं. रोज मी थांबले.